परातीतलं उरलेलं मीठ

१९ जानेवारी २०२५, रविवार

रामराव,

जानरावचा रामराम घे. घ्यायचा नसन तं राहू दे तिथंच टेबलावर, मी रागावत नाही.

तीन वर्सांत हे पहिलं पत्र. फोन तू उचलत नाही. कुलदीप म्हणते, "काका, तुमचा फोन आला का बाबा दोन दिवस गुमसुम रायते, नका करू." मंग काय करू? भातकुलीले गेलो अन् पोस्टातून पाकिटं आणले. तिथला बाबू म्हणे, "आजोबा, कोणाले लिहून रायले, सरकारले का?" म्या म्हटलं, नाही गा, सरकार तरी कधीमधी उत्तर देते.

बुधाजी गेला. तुले कुलदीपनं सांगतलंच असन. पंधरा दिवस खाटेवर होता. जायच्या दोन दिवस आधी मी बसलो होतो तं मले विचारते, "जानराव, यंदा गोवऱ्या कोणाच्या घरच्या घ्यायच्या?" त्याले वाटलं, हनुमान जयंतीची पंगत आपणच करून रायलो. म्या म्हटलं, बुधाजी, आता केटरर येते, गॅसवर करते. तो भितीकडं तोंड करून पडला. मले तेव्हाच वाटलं, खोटं बोललो असतो तं काय बिघडलं असतं. नको तिथं मी खरं बोलतो अन् पायजे तिथं तोंड शिवून घेतो.

तेरवीले अकोल्याहून कुलदीप अन् सूनबाई प्रणाली आले. तू नाही आला. मी वाढून रायलो होतो. प्रणालीच्या पत्रावळीजवळ गेलो तं ती मले म्हणे, "काकाजी, मामाजीले सांगा ना जरासं. ते गॅसजवळ जातच नाही. चहा ठेवा म्हटलं तं म्हणते, बाई, माह्या हाताचा भरोसा नाही. खाली देवळात म्हातारे बसते, भजन करते, तिथंही नाही. दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत. गोळी घेतली का म्हणून मलेच चार वेळा विचारते."

म्या विचारलं, डॉक्टर काय म्हणते? ती म्हणे, "डॉक्टरनं तं तवाच सांगतलं होतं, तपासण्याही झाल्या, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. पण ते मानतच नाही. म्हणते, डॉक्टरले काय माहीत, त्या दिवशी म्या काय केलं ते चारशे लोकाईनं पायलं."

वरणाची बादली माह्या हातात होती. मांगची बाई म्हणे, चाला ना भाऊजी पुढं.

आज एवढंच लिहितो. तूर काढून झाली. गुडघा दुखते. उत्तर लिहिशीन तं बरं.

जानराव

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

रामराव,

उत्तर नाही आलं. येईन असं मले वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला का मी ओट्यावरून उठतो, अन् तो लांबूनच हात हालवते.

प्रणालीनं फोनवर सांगतलं का पत्र तीच तुले वाचून दाखवते, तू चष्मा काढून ऐकतं. मंग मी जरा इस्कटूनच लिहितो, कारण ती अमरावतीची, गोडं पाणी पेलेली. तिले आपल्या इकडची गोष्ट कुठी ठाऊक?

तं प्रणाली, बाई, ऐक. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं. कुठीही खोद, पाणी खारं. मारुतीच्या देवळामांगच्या विहिरीचं तं असं का गुळणा केला का तोंड वाकडं. अन् आपल्याकडं हनुमान जयंतीले अख्ख्या गावाची पंगत असते. कणकीचे गोळे भाजून केलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. सारं शेतातल्यासारखं उघड्यावर, गोवऱ्यांच्या आगीवर. हा सैपाक गावातले जाणते करत. चाळिशीच्या आतला माणूस चुलीजवळ फिरकला तं गोदाबाई त्याले कांदे चिराले बसवे. आमी आठ जण होतो. कणीक गोदाबाईची, गोवऱ्या बुधाजीच्या, आग अन् रोडगे माहे, अन् भाजी तुह्या सासऱ्याची.

आता मुख्य गोष्ट. निवद दाखवल्याशिवाय सैपाकाची चव घेता येत नाही. मारुतीच्या आधी कोणाच्या जिभेले लागलं तं ते उष्टं. म्हणजे चारशे माणसाची भाजी, अन् मीठ बरोबर आहे का नाही हे कोणाले समजाची सोय नाही. सारं एका माणसाच्या हातावर. तो हात रामरावचा. परातीत मीठ घे, ओंजळीनं भाजीवर फिरव, दोन पावलं मांगं हो, संपलं. तीस वर्सांत एकडाव चुकला नाही. लग्नाच्या जेवणात भाजी खारट झाली का लोक म्हणत, रामरावले बलावाले काय झालं होतं?

फक्त पाणी चाखता येते. पाण्याले निवद नाही. म्हणून रामराव, तू कढईत पाणी जायच्या आधी डरमात बोट बुडवून जिभेले लावे. पाणी कुठचं, त्याच्यावर मिठाचा हिशोब. गोडं असन तं पूर्ण परात, खारं असन तं कमी. हे तुले एकट्यालेच जमे. आमी तुले विचारलंही नाही कधी.

आता केटरर येते. तिसरं वर्स. पनीर असते, जिलबी असते, रोडगे नसते. आमाले पुढच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवते, छातीले पिवळं फूल लावून देते. ज्येष्ठ नागरिक म्हणते. दोन वर्सं ते फूल लावून बसलो मी. जेवण झालं का हात धुवाले गोदाबाई उठते तं एक पोरगी तिचा दंड धरते. तिनं जिंदगीभर वीस वीस किलो कणीक मळली. मागच्या साली ती घरूनच निघाली नाही. म्हणे, माहं ताट घरी पाठवून द्या.

पंगत एकाच दिवसाची असे, पण त्याच्यापायी आमी तीन महिने एकमेकाच्या घरी जात होतो. कोणाच्या गोवऱ्या सुकल्या, कोणाची वांग्याची वाडी कशी आहे, कोणाचा गहू रोडग्याले चांगला. आता सकाळी मी एस. टी. स्टॉपच्या बाकावर बसतो. बस येते, जाते. मंग घरी येतो.

मी काय म्हणतो, यंदा चूल परत मांगतली तं? नितेश समितीचा अध्यक्ष आहे, माहाच पोरगा आहे, ऐकन. तू येशीन का?

त्या दिवशी जे झालं ते झालं. त्याच्यावर मंग बोलू.

जानराव

२ मार्च २०२५, रविवार

रामराव,

आज देवळात समितीची मीटिंग झाली. घरी आलो अन् लगेच लिहाले बसलो.

आमी सहा जण गेलो. गोदाबाईले म्या स्वतः घरी जाऊन आणलं. ती चप्पल घालत नव्हती, म्या चप्पल तिच्या पायापुढं ठेवली. "बाप्पा! जानराव, तुमाले कवापासून इतकी माया आली," म्हणे. पण आली.

म्या उभं राहून सांगतलं का यंदा केटरर नको, चूल आमाले द्या. पोट्टे एकमेकाकडं पाहून हसले. नितेश नाही हसला. तो म्हणे, "बाबा, रोडगे तुमी कराल, आग तुमी सांभाळाल, मान्य. पण मीठ कोण टाकन? दोन हजार बावीसचं विसरले का?"

रामराव, कोणीच विसरलं नाही. एकानं तं मोबाईलमध्ये तो व्हिडिओ काढून दाखवला. अजून आहे त्याच्याजवळ! लोक घास थुकून रायले, पोरं पाण्यासाठी बोंबलून रायले, अन् तू कढईजवळ उभा, हातात उपरणं, सगळ्याईले म्हणून रायला, "माहं चुकलं, माहं चुकलं, डाव्या-उजव्याचं भान राह्यलं नाही मले." व्हिडिओत तुह्या मांगं मी दिसतो. झारा घेऊन उभा आहे. मी तो व्हिडिओ कधी पायला नव्हता. पाहाचा टाळला होता.

मंग गोदाबाई उठली. ती असा आवाज काढून बोलली का पोट्टे चूप झाले. "रामरावचा हात तीस वर्सं चुकला नाही. एकडाव चुकला तं तुमी त्याले गावातून काढलं. अरे, दोन वर्सं कोरोनात पंगत नव्हती, माणसाची सवय मोडली असन. एकडाव चुकाचाही हक्क नाही का म्हाताऱ्याले? चुकला, चुकला, किती वर्सं म्हणाल?"

ती तुही बाजू घेऊन रायली होती अन् प्रत्येक वेळी "चुकला" म्हणून रायली होती. तो शब्द माह्या डोक्यात बसला.

नितेश म्हणे, पुढच्या रविवारी ठरवू.

मले तुले काही सांगायचं आहे. आज हात चालत नाही. उद्या लिहितो. हे पत्र पाठवत नाही, उद्याच्या संगच पाकिटात टाकीन.

३ मार्च २०२५, सोमवार

रामराव,

प्रणाली, तू वाचून रायली असशीन तं थांब. हे पत्र मामाजीच्या हातात दे, त्याईले स्वतःले वाचू दे. मंग तू वाच, कुलदीपले वाचाले दे, कोणाले द्यायचं त्याले दे.

रामराव, दुसऱ्यांदा मीठ म्या टाकलं.

सोळा एप्रिल दोन हजार बावीस. सकाळपासूनच नळ आला नव्हता, म्हणून पोट्ट्याईनं विहिरीचं पाणी डरमात भरलं. मी रोडग्याच्या आगीजवळ, तिकडं लांब चिंचेखाली होतो, मले हे माहीत नव्हतं. तू बोट बुडवून पाणी चाखलं असन, तुले समजलं असन का खारं आहे, अन् तू अर्धंच मीठ टाकलं. अर्धं परातीत ठेवलं. मंग तुले देवळात बलावलं, नारळ फोडाले.

मी रोडगे पालटून आलो. पायतो तं परातीत अर्धं मीठ तसंच. म्या म्हटलं, हा उरलेलं मीठ टाकायचं इसरला. आता तू इचारशीन का थांबला काहून नाही, देवळात येऊन एक शब्द विचारला काहून नाही. पंचवीस पावलं होते. तेच सांगाले तीन वर्सं लागले मले.

मले वाटलं, बरं झालं. हेच खरं आहे, रामराव. मले वाटलं, चला, तुह्या हातून काहीतरी सुटलं अन् म्या सावरलं. तीस वर्सं लोक जेवून उठत अन् म्हणत, रामरावच्या हाताले चव आहे. माहे रोडगे कोणी नाव घेऊन खाल्ले नाही. आगीजवळ माह्या भुवया जळल्या, हातावर फोड आले, अन् नाव तुहं. मी कधी बोललो नाही, पण मनात होतं. परात उचलली, उरलेलं सारं मीठ भाजीवर फिरवलं, झाऱ्यानं हालवलं. अन् मनात ठरवलं होतं का जेवणं झाल्यावर सगळ्याईच्या पुढं सांगीन, लेका, तू तं इसरला होता, म्या वाचवलं तुले.

पहिल्या पंगतीनं पहिला घास घेतला अन् कल्ला झाला. तू धावत आला. तू परातीकडं पायलं. परात रिकामी. तुहा चेहरा मले अजून दिसते. तुले पक्कं आठवत होतं का तू अर्धं ठेवलं होतं, अन् समोर परात रिकामी होती. तुले वाटलं, म्याच टाकलं अन् मलेच आठवत नाही. तू माह्याकडं वळून म्हणाला, "जानराव, म्याच टाकलं असन, नाही?"

तू मले विचारलं होतं. माणूस माणसाले विचारते तसं विचारलं होतं.

अन् मी चूप राह्यलो. तुह्या तोंडून ते निघालं अन् मले सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, दोन दिवस लोक बोलतीन, मंग इसरतीन. मंग कुलदीप आला, तुले अमरावतीच्या डॉक्टरकडं नेलं, मंग अकोल्याले नेलं. घराले कुलूप लागलं. दर महिन्याले म्हटलं, आता सांगतो. जितके दिवस गेले तितकं कठीण झालं. मंग मी स्वतःलेच सांगाले लागलो का रामराव थकलाच होता, आज ना उद्या हे होणारच होतं.

नव्हतं होणार. तुले काही झालं नव्हतं. तुही याददाश्त त्या दिवशी साऱ्या गावात सगळ्यात पक्की होती. अर्धं टाकलं होतं तं अर्धंच टाकलं होतं.

माफ कर असं लिहाले मले लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. तू उठ, गॅसजवळ जा, चहा ठेव. तुह्या हाताले काही झालं नाही.

जानराव

२१ मार्च २०२५, शुक्रवार

रामराव,

तुह्याकडून काही नाही. पण कुलदीपचा फोन आला होता. त्यानं मले ज्या शिव्या दिल्या त्या म्या साऱ्या ऐकल्या, फोन खाली ठेवला नाही. शेवटी तो रडला. म्हणे, "काका, मी माह्या बापाच्या हातातून चाकू घेतला होता, काडीपेटी लपवून ठेवत होतो. ते माह्याकडं कसे पाहत माहीत आहे तुमाले?"

नवव्या तारखेच्या मीटिंगमध्ये म्या सगळ्याईच्या पुढं सांगतलं. बसून नाही, उभं राहून. परातीचं, पाण्याचं, सारं. कोणी हसलं नाही. तो व्हिडिओवाला पोट्टा मोबाईल खिशात घालून खाली पाहून राह्यला. गोदाबाई उठून माह्याजवळ आली, मले वाटलं मारते. ती म्हणे, "जानराव, म्या त्याच्यासाठी तीन वर्सं लोकाईशी भांडली. एकडाव चुकला तं माफ करा म्हणत होती. तो तं चुकलाच नव्हता." अन् माह्याजवळून निघून गेली. आठ दिवस माह्याशी बोलली नाही. परवा गोवऱ्या पाहाले मात्र आली. बोटानं ठोकून ठोकून पाहून रायली होती, बुधाजी पाये तशी.

नितेश घरात माह्याशी कामापुरतं बोलते. त्याची आई असती तं ती तेवढंही बोलली नसती.

समितीनं चूल आमाले दिली. बारा एप्रिल, शनिवार. पण मीठ कोण टाकन हा प्रश्न तसाच आहे. माह्याकडं कोणी पायलंही नाही, अन् मी टाकणार नाही. गोदाबाई म्हणे, "रामराव आला तं भाजी होईन. नाही आला तं वरण-रोडगे करू, लोक खातीन."

काल प्रणालीचा फोन आला. म्हणे, पत्र तू तीनदा वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं. अन् तिसऱ्या दिवशी सकाळी भांडं वाजलं म्हणून ती उठून पायते तं तू गॅससमोर उभा, चहा ठेवलेला. तिनं विचारलं, मामाजी, साखर टाकली का? तं तू म्हणाला, "टाकली. म्हणजे, वाटते टाकली." मंग चमच्यानं चाखून पायली. प्रणाली म्हणे, साखर बरोबर होती.

मी फोन ठेवला अन् ओट्यावर बसून राह्यलो. "वाटते" असा शब्द तुह्या तोंडात कधीच नव्हता, रामराव. तो म्या घातला.

ये म्हणाचा हक्क मले नाही. तरी लिहितो, ये. माह्याशी बोलू नको. माह्याकडं पाहू नको. भाजीसाठी ये.

जानराव

१३ एप्रिल २०२५, रविवार

रामराव,

काल गाडीत बसताना तू म्हणाला, लिहून पाठव. म्हणून सगळं लिहितो, जसं झालं तसं. तुले माहीत आहे तेही लिहितो, कारण तू तसंच सांगतलं.

कुलदीपची गाडी सकाळी साडेसातले देवळापुढं थांबली. तू उतरला. पांढरं धोतर, काळी टोपी, अन् हातात काठी. काठी मले नवी होती. गोदाबाई कणकीचे हात तसेच घेऊन धावली, तुह्या सदऱ्याले कणीक लागली. तू सगळ्याईले रामराम केला. मले नाही. तेच बरोबर होतं.

वांगे पायले. एक चिरून आतून पायलं, म्हणाला, "कोवळे आहे, लवकर शिजतीन." मंग डरमाजवळ गेला. झाकण काढलं, बोट बुडवलं, जिभेले लावलं. आमी सारे काम सोडून तुह्याकडं पाहून रायलो होतो. तू विचारलं, "विहिरीचं मिसळलं का?" नितेश म्हणे, "हो काका, नळ अर्ध्यातच गेला, दोन बादल्या विहिरीच्या टाकल्या." तो माह्याकडं पाहाले लागला. कोणीच तुले सांगतलं नव्हतं.

भाजी शिजली. तू परात मांगतली. परातीत मीठ आलं. तू काठी कुलदीपजवळ दिली. ओंजळ भरली अन् फिरवली. दुसरी भरली, फिरवली. तिसरी अर्धी. परातीत थोडंसं ठेवलं. दोन पावलं मांगं झाला. तसाच, जसा तीस वर्सं होत होता.

अन् मंग तू तिथंच उभा राह्यला. तुहे हात खाली आले नाही. तू परातीकडं पाये, कढईकडं पाये, परत परातीकडं. तुहे ओठ हालून रायले होते. कुलदीप पुढं व्हाले लागला तं गोदाबाईनं त्याले अडवलं. तू मान फिरवली अन् साऱ्या माणसांतून मले शोधलं. तीन वर्सांनी पहिल्यांदा माह्याशी बोलला.

"जानराव, म्या टाकलं ना?"

मी रोडग्याच्या आगीजवळ होतो, तिथून ओरडून सांगतलं, "टाकलं. अडीच ओंजळी. उरलेलं परातीत आहे. म्या पायलं."

मी चिमटा टाकून आलो अन् ती परात उचलली, नितेशजवळ दिली, म्हटलं, देवळात नेऊन ठेव, पंगत उठेपर्यंत कोणी हात लावाचा नाही.

निवद निघेपर्यंत तू मले आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाकीचे इकडं तिकडं पाहाले लागले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माह्या डोळ्याले धारा लागल्या. लोकाईले वाटलं धुराच्या आहे. म्या प्रत्येक वेळी तेच सांगतलं, तितक्याच मोठ्यानं. हे तुले झालं आहे का म्या तुले करून दिलं, मले समजत नाही. डॉक्टरलेही समजणार नाही. तीन वर्सं खुर्चीत बसवलं तं कोणाचा हात स्वतःवर भरोसा ठेवन?

पहिली पंगत बसली. तू कढईजवळून हालला नाही. लोकाईनं रोडगा कुस्करला, तूप घेतलं, भाजी घेतली, खाल्ली, मांगतली. सारे तुह्याकडं पाहून रायले होते. मंग मी जेवाले बसलो. तू आपल्या हातानं माह्या पत्रावळीवर भाजी टाकली अन् तिथंच उभा राह्यला.

एक घास घेतला. तू म्हणाला, "सांग."

माह्या पंगतीतले सारे म्हणून रायले होते, एक नंबर, काका, एक नंबर. म्या म्हटलं, "रामराव, जरासं कमी आहे."

तू डरमाकडं पायलं. मंग म्हणाला, "दोन बादल्या म्हणाला ना तो. म्या तीन धरल्या." अन् तू हसला. जरासाच. कुलदीप तिकडं तोंड फिरवून उभा राह्यला. नितेश देवळातून परात घेऊन आला अन् ज्याले पायजे त्यानं चिमूटभर मीठ घेतलं. इतकंच. चारशे लोक जेवले.

संध्याकाळी तू गाडीत बसला. मी उघड्या दाराजवळ आलो. तू म्हणाला, "तीन वर्सं गेले, जानराव." मले वाटलं पुढं काही म्हणशीन. मंग गाडी चालू झाल्यावर तू काच खाली केली अन् म्हणाला, "कालपरवाचं माह्या ध्यानात रायते का नाही मले समजत नाही. तू लिहून पाठव. तारीख टाकून. मले शंका आली का वाचीन."

उद्या चौदा तारीख. बौद्ध वस्तीतला अनुप काल पंगतीत जेवला अन् जाताना म्हणे, "आजोबा, परवा विहारात भोजनदान आहे, रोडगे तुमीच करा." आमी सहाही जण जाऊन रायलो. तिथं सैपाक चाखता येते म्हणे. गोदाबाई म्हणते, "मंग तं कोणीही मीठ टाकीन, त्यात काय?" पण तिनं गहू दळून आणला. अन् मले म्हणे, रामरावले लिहा, पुढच्या महिन्यात लग्न आहे दोन, भाजीवाला पायजे. गाडी पाठवू. हे बोलली ती माह्याशी.

आता तू सांगतलं ते लिहितो. हा कागद येगळा काढून ठेवजो, उशीखाली नको, पाकिटात ठेवजो खिशात.

दिनांक १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. वांग्याच्या भाजीत मीठ रामरावनं टाकलं. अडीच ओंजळी. एकदाच टाकलं.

दिनांक १६ एप्रिल २०२२, शनिवार, हनुमान जयंती. वांग्याच्या भाजीत मीठ रामरावनं टाकलं. अर्धी परात. एकदाच टाकलं.

दोन्ही वेळी मी तिथं होतो.

जानराव